नोटेवरील वचन

आपल्या हातून रोज जाणाऱ्या वस्तूंमध्ये चलनी नोटेइतकी थोडी वाचली जाणारी वस्तू दुसरी क्वचितच असेल. ती मोजली जाते, तिची घडी घातली जाते, लुगड्याच्या पदराला गाठ मारून जपली जाते. परंतु तिच्यावर काय लिहिले आहे, हे फार थोडे लोक पाहतात. जव्हार व मोखाडा या तालुक्यांत हे पाहणे विशेष अगत्याचे आहे. भाताची व नागलीची कापणी आटोपली म्हणजे येथील पुष्कळ कुटुंबे भिवंडी, वसई, पालघर या बाजूंस वीटभट्ट्यांवर, अथवा नाशिककडे द्राक्षांच्या बागांत मजुरीस जातात. पावसाळ्याच्या तोंडाशी ती परत येतात, तेव्हा कित्येक महिन्यांच्या श्रमांचे फळ कागदाच्या थोड्याशा तुकड्यांच्या रूपाने घरात येते. त्या तुकड्यांचा अर्थ घरातील शिकणाऱ्या मुलामुलींनी जाणावा व आईबापांस समजावून द्यावा, या हेतूने हा पाठ आम्ही लिहीत आहोत. यातूनच नोटांचा संग्रह करण्याचा एक स्वस्त व उपयुक्त छंदही विद्यार्थ्यांस लागेल, अशी आम्हांस आशा वाटते.

प्रथम एक गोष्ट ध्यानात घ्यावी. जुना चांदीचा रुपया आपली किंमत पुष्कळ अंशी आपल्याच अंगात बाळगून असे. तो वितळविला तरी चांदी हाती राही. म्हणूनच रुपयांना कड्या लावून ते गळ्यात घालण्याची रीत आपल्याकडे पडली. नोटेचे तसे नाही. तिचा कागद वितळत नाही, खाता येत नाही, अंगावर घालता येत नाही. तिची सारी किंमत तिच्यावर छापलेल्या एका वाक्यात आहे. दहा रुपयांची अगर त्याहून मोठी कोणतीही नोट घ्या. तीवर हिंदीत व इंग्रजीत, धारकास अमुक रुपये देण्याचे मी वचन देतो, असे लिहिलेले असून त्याखाली रिझर्व्ह बँकेच्या गव्हर्नराची सही असते. सारांश, नोट म्हणजे वचनचिठ्ठी होय. आणि कोणी वचन दिले असता शहाण्या मनुष्याने तीन प्रश्न विचारावे : हे वचन कोणाचे? ते कोठे चालते? आणि ते केव्हापर्यंत चालते? नोटांचा सर्व इतिहास या तीन प्रश्नांच्या उत्तरांत सामावलेला आहे.

१. वचन कोणाचे?

कागदावर पैशाचे वचन लिहून देणे आपल्या लोकांस नवे नव्हते. सावकारांच्या हुंड्या गावोगाव चालत. परंतु हुंडी ही सावकाराच्या नावलौकिकावर चाले व ती ठराविक रकमेची, छापील अशी नसे. छापील नोटा आपल्या देशात अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात खासगी पेढ्यांनी काढल्या. कलकत्त्याची बँक ऑफ हिंदोस्तान १७७० साली निघाली व १८३२ पर्यंत चालली. मुंबईस १८४० साली बँक ऑफ बॉम्बे स्थापन झाली व तिच्याही नोटा निघू लागल्या. तिच्या नोटांवर मुंबईच्या टाउन हॉलचे चित्र आणि माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन व जॉन माल्कम या दोन गव्हर्नरांच्या तसबिरी असत. या नोटांमागे बँकेची पत उभी असे. बँक बुडाली तर वचनही बुडे.

१८६१ साली कागदी चलनाचा कायदा झाला व नोटा काढण्याचा अधिकार सरकारने केवळ आपल्याकडे घेतला. येथून पुढे वचन पेढीचे न राहता राज्याचे झाले. त्या कायद्याखाली निघालेल्या पहिल्या नोटांवर व्हिक्टोरिया राणीची तसबीर होती. त्या एकाच बाजूस छापलेल्या असून त्यांचा कागद इंग्लंडात हाताने बनविलेला असे. थोड्याच वर्षांत त्यांच्या बनावट प्रती निघाल्या, म्हणून १८६७ पासून रंगीत नक्षीवर छापलेल्या नव्या नोटा काढाव्या लागल्या. वचन जितके मोलाचे, तितका ते खोटे करू पाहणारा लबाड अधिक, हा अनुभव तेव्हापासून आजतागायत चालू आहे.

पहिल्या महायुद्धात चांदीचा तुटवडा पडला, तेव्हा १९१७ च्या नोव्हेंबरात एक रुपयाची नोट प्रथम निघाली. तिच्यापाठोपाठ अडीच रुपयांची नोटही निघाली; तीवर दोन रुपये आठ आणे असा आकडा होता. पंचमहालांपासून कोकणापर्यंत आणेवारी जाणणाऱ्या त्या पिढीस तो सहज समजे. आज मात्र संग्राहकांना त्या नोटेचे मोठे कुतूहल वाटते. १९२६ च्या जानेवारीपासून या लहान नोटा काढणे बंद झाले. पुढे दुसऱ्या महायुद्धात लोक चांदीचे रुपये घरात दडवून ठेवू लागले, म्हणून १९४० साली एक रुपयाची नोट पुन्हा काढण्यात आली.

१९३५ साली रिझर्व्ह बँक स्थापन झाली व वचन देण्याचे काम तिच्याकडे आले. तिची पहिली नोट, पाच रुपयांची, १९३८ च्या जानेवारीत निघाली. बँकेचे पहिले गव्हर्नर सर ऑसबोर्न स्मिथ यांनी त्यापूर्वीच १९३७ साली पद सोडले होते, म्हणून त्यांची सही एकाही नोटेवर आढळत नाही. पहिली सही त्यांच्यामागून आलेल्या सर जेम्स टेलर यांची आहे. त्यांच्यानंतर १९४३ साली चिंतामणराव देशमुख हे गव्हर्नर झाले. या पदावर आलेले ते पहिले भारतीय होत. त्यांचा जन्म महाडजवळील नाते या गावी १८९६ साली झाला. कोकणातील एका खेड्यात जन्मलेल्या मुलाची सही पुढे साऱ्या हिंदुस्थानात वचन म्हणून मानली गेली, ही गोष्ट आमच्या विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवण्याजोगी आहे. त्यांच्या सहीच्या नोटांवर चित्र मात्र सहाव्या जॉर्ज बादशहाचे होते. सही आपल्या माणसाची व चेहरा परक्या राजाचा, असा तो संधिकाल होता.

एक रुपयाच्या नोटेविषयी येथेच सांगून टाकावयास हवे. तिच्यावर वचनाचे वाक्य नसते व गव्हर्नराची सहीही नसते. ती नोट कायद्याने नाण्याप्रमाणे मानली जाते, ती भारत सरकार काढते, आणि तिच्यावर अर्थखात्याच्या सचिवांची सही असते. दहाची व एकाची नोट शेजारी शेजारी ठेवून हा भेद विद्यार्थ्यांनी स्वतः पाहावा. एकाची नोट १९९४ साली छापणे बंद झाले होते. ती २०१५ साली पुन्हा सुरू झाली.

२. नाशिकचा छापखाना

जव्हारहून मोखाड्यावरून तोरंगणचा घाट चढून जो रस्ता त्र्यंबकेश्वरास जातो, तोच पुढे अंजनेरीवरून नाशिकास पोचतो. हे सारे अंतर ऐंशी किलोमीटरांच्या आसपास आहे. या रस्त्याने मजूर जातात, यात्रेकरू जातात, भाजीपाल्याच्या गाड्या जातात. परंतु आपल्या देशाच्या नोटांचा इतिहास याच रस्त्याच्या शेवटी आहे, हे थोड्यांच्याच ध्यानी येते. १९२८ पर्यंत हिंदुस्थान सरकारच्या नोटा विलायतेत छापून जहाजाने येत. त्या वर्षी नाशिकरोड येथे नोटांचा छापखाना सुरू झाला व पंचम जॉर्जच्या तसबिरीची पाच रुपयांची नोट तेथे छापून निघाली. तिकिटे व मुद्रांक छापण्याचा सरकारी छापखाना त्याआधीच, १९२५ साली, तेथे उभा राहिला होता.

नाशिकच्या छापखान्याने केवळ आपल्याच नोटा छापल्या असे नाही. फाळणीनंतर पाकिस्तानापाशी स्वतःचा छापखाना नव्हता, तेव्हा १९४८ साली नाशिकास छापलेल्या नोटांवरच पाकिस्तान सरकारचे नाव इंग्रजीत व उर्दूत उमटवून त्या तिकडे पाठविल्या गेल्या. तसेच १९५९ साली इराणी आखातातील प्रदेशांसाठी व हज यात्रेकरूंसाठी निराळ्या रंगांच्या नोटा काढण्यात आल्या. आज नाशिकखेरीज देवास, म्हैसूर व सालबोनी येथेही नोटा छापल्या जातात. तथापि आपल्या बाजारात एखाद्या बाईने करवंदांच्या टोपलीवर घेतलेली नोट कदाचित याच घाटावरच्या गावी छापलेली असेल, हा विचार मनाला आनंद देणारा आहे.

३. वचन कोठे चालते?

आज दहाची नोट जव्हारला चालते तशी गुवाहाटीस चालते. पूर्वी असे नव्हते. १८६१ च्या कायद्याप्रमाणे देशाची वेगवेगळी चलनमंडळे केलेली होती, व एका मंडळाची नोट वटविण्याचा हक्क त्याच मंडळात असे. मुंबई, कलकत्ता, मद्रास ही मोठी मंडळे होती. पुढे लाहोर, कानपूर, कराची, रंगून यांचीही मंडळे झाली, आणि आरंभीच्या काळात नागपूर व अकोला यांची नावेही नोटांवर आली. मुंबईच्या नोटा घेऊन दूर मुलुखी गेलेल्या व्यापाऱ्यास तेथे बट्टा सोसावा लागे. १९०३ ते १९११ या काळात पाच, दहा, पन्नास व शंभर रुपयांच्या नोटा क्रमाक्रमाने सर्व देशभर चालतील असे ठरले, तेव्हा ही अडचण दूर झाली.

त्या काळची एक गमतीची रीत येथे सांगतो. दूर गावी पैसे पाठवावयाचे झाल्यास लोक नोट मधोमध कापीत व एक अर्धी टपालाने पाठवीत. ती पोचल्याचे पत्र आले म्हणजे दुसरी अर्धी पाठवीत. वाटेत चोरी झाली तरी चोराच्या हाती अर्धे वचन येई, आणि अर्ध्या वचनाचा उपयोग कोणास नाही! ज्याला दोन्ही अर्धी मिळत, तो ती जोडून पैसे घेई. जुन्या संग्रहांत अशा जोडलेल्या नोटा आढळतात.

इंग्रजी मुलुखाबाहेर आणखी निराळा प्रकार होता. हैदराबाद संस्थानाने १९१८ च्या आपल्या कायद्याने स्वतःच्या नोटा काढल्या. आजचा आपला मराठवाडा त्या वेळी त्या संस्थानात होता. म्हणून त्या नोटांवर उर्दू, इंग्रजी, तेलुगू व कानडी यांच्याबरोबर मराठीतही रक्कम लिहिलेली असे. तेथील रुपयास उस्मानिया सिक्का म्हणत. असे सात रुपये हे इंग्रजी सहा रुपयांच्या बरोबरीचे मानले जात. पुढे या नोटाही नाशिकच्याच छापखान्यात छापल्या जाऊ लागल्या. औरंगाबादहून नाशिकास आलेल्या मनुष्याला, नाशिकातच छापलेली आपली नोट तेथील बाजारात तशीच खपविता येत नसे. नोट कोठे छापली यास महत्त्व नसून वचन कोणाचे यास महत्त्व आहे, हे यावरून उघड होते.

दुसरे उदाहरण तर आपल्या उंबऱ्याशीच आहे. जव्हारच्या उत्तरेस असलेला नगरहवेलीचा प्रदेश १९५४ च्या ऑगस्टात मुक्त होईपर्यंत पोर्तुगीजांच्या ताब्यात होता. गोवा, दमण व नगरहवेली यांत पोर्तुगीज सत्तेचा रुपया चाले. या नोटा १८८३ च्या सुमारास प्रथम निघाल्या. १९०६ पासून त्या काढण्याचे काम एका पोर्तुगीज बँकेकडे गेले. १९१७ साली चार व आठ टांग्यांच्या लहान नोटाही तेथे निघाल्या. गोव्यात १९५९ साली रुपयाऐवजी एस्कुदो हे नाणे आले, व १९६१ च्या डिसेंबरात गोवा मुक्त झाल्यावर तेही गेले. म्हणजे एकाच रानातले, एकाच बोलीचे, एकाच रूढीचे वारली व कोकणा लोक सीमेच्या दोन बाजूंस दोन निरनिराळ्या राजांच्या वचनांवर व्यवहार करीत होते. आणि त्याच काळी जव्हारास मुकण्यांचे स्वतंत्र संस्थान होते. ते १९४८ साली मुंबई राज्यात विलीन झाले.

दुसऱ्या महायुद्धात सुट्या पैशांची मोड इतकी दुर्मिळ झाली, की काठेवाड व राजपुतान्यातील मोरवी, राजकोट, जुनागड, बिकानेर इत्यादी संस्थानांनी पुठ्ठ्याच्या अथवा कागदाच्या लहान चिठ्ठ्या पैशांऐवजी काढल्या. ते वचन केवळ त्या संस्थानाच्या वेशीपर्यंतच चाले.

याच्या अगदी उलट उदाहरण जगाच्या दुसऱ्या टोकाला आहे. कॅरिबियन समुद्रातील सेंट लुशिया, ग्रेनाडा, डॉमिनिका, अँटिग्वा इत्यादी आठ लहान लहान प्रदेशांनी मिळून एकच बँक १९८३ साली स्थापन केली व सर्वांची एकच नोट ठेविली. त्यांपैकी सहा देश स्वतंत्र आहेत, प्रत्येकाचे निशाण निराळे आहे. परंतु वचन एकत्र दिले आहे. लहान माणसांनी एकत्र येऊन शब्द दिला म्हणजे त्यास वजन येते, हा बोध आपल्या बचतगटांतील स्त्रियांस निराळा सांगावयास नको.

४. वचन केव्हापर्यंत?

हा तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा, कारण याच्याच अज्ञानाने गरिबाचे अधिक नुकसान होते. सरकारने कायद्याने एखाद्या नोटेचे वचन संपविले, की तो कागद उरतो. आपल्या देशात असे तीन वेळा मोठ्या प्रमाणावर घडले. १९४६ च्या जानेवारीत पाचशे, हजार व दहा हजारांच्या नोटा रद्द झाल्या. १९७८ च्या जानेवारीत हजार, पाच हजार व दहा हजारांच्या नोटा रद्द झाल्या. या दोन्ही प्रसंगी खेड्यातल्या कष्टकऱ्यास फारशी झळ लागली नाही, कारण तसली नोट त्याने पाहिलेलीच नसे.

परंतु ८ नोव्हेंबर २०१६ रोजी रात्री पाचशे व हजारांच्या नोटा रद्द झाल्याचे जाहीर झाले, तेव्हा गोष्ट निराळी होती. पाचशेची नोट तोवर मजुरीच्या हिशेबात येऊन बसली होती. ती बँकेत भरण्याची मुदत ३० डिसेंबर २०१६ पर्यंत होती. ज्यांचे खाते होते व ज्यांस बातमी वेळेवर कळली, त्यांनी रांगेत उभे राहून नोटा भरल्या. परंतु डब्यात, कणगीत, लुगड्याच्या घडीत ठेविलेली व विसरलेली जी नोट त्या मुदतीनंतर सापडली, तिचे मोल कायमचे गेले. बँकेची शाखा डोंगरापलीकडे असलेल्या पाड्यावर बातमी व मुदत यांचे महत्त्व शहरापेक्षा अधिक असते. म्हणून घरातील वाचणाऱ्या मुलाने अशा वेळी घरभर शोध घ्यावयास लावणे हे त्याचे कर्तव्य होय.

नोट रद्द होणे व नोट परत घेतली जाणे यांतील भेदही समजून घ्यावा. दोन हजारांची नोट १९ मे २०२३ रोजी चलनातून परत घेण्याचे रिझर्व्ह बँकेने ठरविले. परंतु तिचे कायदेशीर चलनत्व काढून घेतले नाही. म्हणजे नवीन नोट निघत नाही, तरी दिलेले वचन मोडलेले नाही. कोणी घाबरवून अशी नोट अर्ध्या किमतीत मागू लागल्यास त्यास स्पष्ट नकार द्यावा, व रिझर्व्ह बँकेच्या कचेरीचा मार्ग जवळच्या बँकेत विचारावा.

५. फाटक्या नोटेचा हिशेब

आपल्याकडे पावसाळा दांडगा. घरे कोंदट होतात. वाळवी, उंदीर व कसर नोटांवर आपला हक्क सांगतात. बाजारात फाटकी नोट बट्ट्याने घेणारे लोक भेटतात. तेथे जाण्याची गरज नाही. फाटक्या नोटांविषयी रिझर्व्ह बँकेचे २००९ चे नियम असून २०१८ साली त्यांत सुधारणा झाली आहे. ते येणेप्रमाणे :

वीस रुपयांपर्यंतच्या नोटेचा सर्वांत मोठा अखंड तुकडा निम्म्याहून अधिक असेल, तर पूर्ण किंमत मिळते. पन्नास व त्याहून मोठ्या नोटेचा असा तुकडा शेकडा ८० हून अधिक असेल, तर पूर्ण किंमत. शेकडा ४० ते ८० असेल, तर अर्धी किंमत मिळते. त्याहून लहान तुकड्यास काही मिळत नाही.

उदाहरण घेऊ. सांप्रतच्या पाचशेच्या नोटेची लांबी १५० व रुंदी ६६ मिलिमीटर, म्हणजे क्षेत्रफळ ९९ चौरस सेंटिमीटर. त्याचे शेकडा ८० म्हणजे सुमारे ८० चौरस सेंटिमीटर. वाळवीने एक कोपरा खाल्लेली नोट चौकटीच्या कागदावर ठेवा, कडेने पेन्सिलीने रेघ ओढा व चौकटी मोजा. उरलेला भाग ८० हून अधिक भरला तर आईबापांस सांगा, की पाचशेचे पाचशे मिळतील. क्षेत्रफळाचे गणित वर्गात करणाऱ्या मुलाने हे गणित घरी केले, तर एक दिवसाच्या मजुरीएवढी रक्कम वाचू शकेल. मात्र दोन निरनिराळ्या नोटांचे तुकडे जोडून बँकेत देऊ नयेत; ती लबाडी आहे व बँकेत ती तत्काळ ओळखली जाते.

६. संग्रह कसा करावा?

नोटांचा संग्रह हा श्रीमंतांचाच छंद आहे, अशी समजूत आहे. ती बरोबर नाही. राणीच्या तसबिरीच्या नोटेस लाखांची किंमत पडत असेल, परंतु विद्यार्थ्याने आरंभ आपल्या हाती येणाऱ्या नोटांपासून करावा. खर्च तेवढाच, जेवढी नोटेची किंमत. आणि गरज पडली तर ती खर्चही करता येते.

पहिला मार्ग सह्यांचा. दहाच्या नोटा घेऊन गव्हर्नरांच्या सह्या निरनिराळ्या करून ठेवाव्या. दुसरा मार्ग सालाचा. २००५ पासून नोटेच्या मागील बाजूस खाली छापल्याचे साल असते. दरसालची एक नोट ठेवावी. तिसरा मार्ग चिन्हांचा. ज्या नोटेच्या क्रमांकात तारा असतो, ती छपाईत बिघडलेल्या नोटेऐवजी घातलेली असते. अशा नोटा २००६ पासून निघू लागल्या. चौथा मार्ग चित्रांचा. २०१६ पासून निघालेल्या नव्या नोटांवर कोणार्क, वेरूळ, हंपी, राणी की वाव, सांची व लाल किल्ला यांची चित्रे आहेत. वीसच्या नोटेवरील वेरूळचे कैलास लेणे तर आपल्या महाराष्ट्राचेच.

पाचवा मार्ग भाषांचा, व तो आम्हांस सर्वांत प्रिय आहे. नोटेच्या मागील बाजूस पंधरा भाषांत रक्कम लिहिलेली असते. इंग्रजी वर्णक्रमाने ती यादी असल्यामुळे मराठी आठव्या ओळीत येते. हिंदी व इंग्रजी मिळून एका नोटेवर सतरा भाषा होतात. पाच लिपी ओळखता आल्या तरी विद्यार्थ्याने देशाचा एक प्रवास केला असे समजावे. स्वातंत्र्यानंतर नोटांवर हिंदी ठळकपणे आली, तेव्हा रुपया या शब्दाचे अनेकवचन काय लिहावे याविषयी वाद झाला व १९५३ साली तो रुपये या रूपाच्या बाजूने मिटला. म्हणून त्याआधीच्या नोटेवर दो रुपया असे दिसते. व्याकरणही नोटेवर सापडते ते असे!

प्रत्येक नोटेसाठी वहीत एक ओळ लिहावी : रक्कम, साल, सही, क्रमांक, कोठे व कोणाकडून मिळाली. नोटेवर काहीही लिहू नये. तिला खळ, चिकटपट्टी, टाचणी लावू नये. इस्त्री करू नये. प्लॅस्टिकात वितळवून बंद करू नये. दोन कोऱ्या कागदांमध्ये सपाट ठेवून, सुक्या जागी, जमिनीपासून उंच ठेवावी, व पावसाळ्यात मधून मधून उघडून पाहावी.

दोन सावधगिरीच्या गोष्टी. २०१६ साली रद्द झालेल्या पाचशे व हजारांच्या नोटा जवळ ठेवण्यास २०१७ च्या कायद्याने मर्यादा घातली आहे : सामान्य मनुष्याने दहाहून अधिक, व अभ्यास, संशोधन अथवा संग्रहासाठी पंचवीसहून अधिक ठेवू नयेत. दुसरे, अमुक क्रमांकाच्या जुन्या नोटेस लाखो रुपये देतो अशा जाहिराती मोबाइलवर येतात व आधी थोडे शुल्क भरा असे सांगतात. रिझर्व्ह बँकेने २०२१ साली अशा ठकबाजीविरुद्ध लोकांस इशारा दिला आहे. खरा संग्राहक घेण्याआधी वस्तू पाहतो. तो देणाऱ्याकडूनच पैसे मागत नाही.

ज्यांस अधिक पाहावयाचे असेल त्यांच्यासाठी याच रस्त्यावर अंजनेरी येथे नाणकशास्त्राची संशोधनसंस्था १९८० साली स्थापन झाली आहे. आणि रिझर्व्ह बँकेने मुंबईत २००४ साली चलनाचे संग्रहालय उघडले. सहलीचा बेत करताना शिक्षकांनी या स्थळांचा विचार अवश्य करावा.

वचनाची किंमत ते देणाऱ्याच्या पतीवर असते, आणि ते घेणाऱ्याच्या जाणतेपणावरही असते. बादशहांच्या, संस्थानिकांच्या, परक्या सत्तांच्या नोटा आल्या व गेल्या; ज्यांस वाचता आले त्यांनी त्या वेळेवर बदलून घेतल्या, ज्यांस आले नाही त्यांच्या घरात कागद उरला. यापुढे आमच्या कोणत्याही विद्यार्थ्याच्या घरात तसा कागद न उरो, एवढीच आमची इच्छा आहे.

अभ्यास

१. एक रुपयाच्या व दहा रुपयांच्या नोटेवरील सह्या कोणाच्या आहेत ते पाहून लिहा. वचनाचे वाक्य कोणत्या नोटेवर नाही, व का?
२. शंभरच्या नोटेची लांबी १४२ व रुंदी ६६ मिलिमीटर आहे. पूर्ण किमतीसाठी किती चौरस सेंटिमीटरांहून अधिक भाग शिल्लक हवा?
३. घरातील वडील मंडळींस विचारून, त्यांनी पाहिलेल्या व आता न चालणाऱ्या नोटांची व नाण्यांची यादी करा.
४. नोटेवरील पंधरा भाषांपैकी देवनागरी लिपीत लिहिलेल्या भाषा कोणत्या ते शोधा.